निरोप घेता येत नाही

पुण्यातल्या एका संस्थेच्या फायलीत माझ्याबद्दल सात-आठ ओळी आहेत. वेळेवर येतात. लक्ष देऊन ऐकतात. शांतता सहन करू शकतात. आणि सगळ्यांत खाली, निळ्या शाईत, खाली रेघ मारलेली ओळ: निरोप घेता येत नाही, स्वतंत्रपणे गट चालवण्यास तयार नाहीत.

ती ओळ वाचून आलेला राग अजून गेलेला नाही. मी आज त्याच संस्थेत नोकरी करते. माझ्या लेकीचं शिक्षण ह्याच लोकांमुळं झालं. मला टायफॉइड झाला तेव्हा मला इथं आणणाऱ्या मॅडम स्वतः दवाखान्यात बसून होत्या. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावर असं लिहू नये, हे मला कळतं. लिहिताना कागद झाकून घेते, कुणी वाचलं तर काय म्हणून. पण उपकार आपल्या जागी आणि राग आपल्या जागी. एकानं दुसरा फिटत नाही.

माझं गाव धारूरच्या घाटाखाली. माझी शाळा सातवीत सुटली. सोडली असं म्हणवत नाही. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, मी पाठीमागून जायचे, आणि शिमगा करून परत आलो की वर्ग कुठल्या कुठं गेलेला असायचा. सातवीच्या साली मास्तरांनी हजेरीतून माझं नाव काढलं, ते मला पुढच्या श्रावणात कळलं. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, लेकीला घेऊन माहेरी आले, आणि गावच्या सहकारी दूध संस्थेत कॅन धुवायला लागले.

मग तो दुष्काळ आला. जनावरं केजच्या बाजूला चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली. दूध आधी अर्ध्यावर आलं, मग थांबलं. फॅट मोजायच्या मशिनवर कापड टाकलं. रिकामे कॅन मी धुऊन पालथे घातले, आत धूळ जाऊ नये म्हणून. खोलीला आंबट वास होता तो मात्र जात नव्हता.

त्याच उन्हाळ्यात मॅडम आल्या. त्या पुण्याला समुपदेशकांना शिकवायच्या, म्हणजे माणसांच्या मनाचं ऐकून घेणाऱ्यांना. दुष्काळी भागातल्या बायकांचा एक गट त्यांना चालवायचा होता. आठवड्यातून एकदा गोल बसायचं आणि बोलायचं, एवढंच. जागा कुठली? चेअरमननं दूध संस्थेची खोली दिली. म्हणाला, दूध नाही तर नाही, बायकांची बडबड तरी गोळा होईल, तिला फॅटही चांगली लागंल. मला त्यानं सोबत दिलं, बायका बोलवायला आणि मॅडमचं बोलणं आमच्या बोलीत सांगायला.

पहिल्या दिवशी मी कॅन गोल मांडले, बसायला दुसरं काही नव्हतं. एक म्हातारी दारातच अडली. दुधाच्या भांड्यावर बूड टेकवायचं न्हाई, म्हणाली, लक्ष्मी असती. दुसरी म्हणाली, लक्ष्मी गेली छावणीला, तू बस माय. म्हातारी बसली.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला की मरणाची भीती वाटते का. मी चांगलीच घाबरले. असलं कुणी विचारतं का, पहिल्याच दिवशी, चहासुद्धा न देता. पण म्हातारी हसली.

"मरणाला कावून भ्यावं?" ती म्हणाली. "ते येनारच हाय. टँकर येनार का न्हाई, त्याचं भ्याव वाटतं."

मॅडमची पद्धत मला हळूहळू कळली. पुस्तकात तिला अस्तित्ववादी गटोपचार म्हणतात. माणसाला काही गोष्टी चुकत नाहीत: मरायचं आहे, आतून एकटं असायचं आहे, आपलं आपल्याला निवडायचं आहे, आणि हे सगळं कशासाठी तेही आपणच ठरवायचं आहे. डॉक्टरासारखं औषध द्यायचं नाही. ह्या गोष्टींकडं सगळ्यांनी मिळून बघायचं. मी बायकांना सांगताना एवढंच विचारायचे, सकाळी कशासाठी उठतीस गं? त्यावर तास-तास बोलणं व्हायचं.

निवडण्यावरनं मात्र माझं आणि मॅडमचं जुळेना. आमच्या बायकांनी काय निवडलं? नवरा निवडला नाही, कोयता निवडला नाही, पाऊस तर नाहीच. मी हे मॅडमला एकदा जरा तोंड वर करून बोललेसुद्धा. उत्तर म्हातारीनं दिलं, पुढच्या बैठकीत, कुणी विचारलं नसताना.

"माझा मालक गेला तवा गोठ्यात बैल तहानेला हुता. मी आदी बैलाला पानी दावलं, मग येऊन रडले. मला कुनी सांगितलं नव्हतं. ते मी ठरिवलं."

मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला त्या वेळी अभिमान वाटला. हे पुढं येणार आहे म्हणून सांगून ठेवते.

ह्या बैठका मला का लागल्या, तेही सांगायला पाहिजे. मी नऊ वर्षांची असताना माझी धाकटी बहीण कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तापानं गेली. दुपारी पुरली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई उसाच्या फडात होती. मुकादम वाईट नव्हता, तो म्हणालासुद्धा, आजचा दिवस राहू दे. पण आजूबाजूच्या सगळ्या कोप्या फडात, आईजवळ बसायला होतंच कोण? आमच्याकडं कुणाच्या घरी माणूस गेलं की बायका जातात, गळ्यात पडून रडतात, बोलत-बोलत रडतात. गेलेल्याचं काय-काय होतं ते रडण्यातच सांगतात. आईला ते मिळालं नाही. गावाकडं परत आलो तेव्हा चार महिने झालेले, आता कशाला कोण येतंय. आईनं ते रडणं आत ठेवलं ते ठेवलंच. दुधाच्या खोलीत बायका बोलायला लागल्या की मला वाटायचं, ही जागा आईला पाहिजे होती. म्हणून ती बैठक मला चालवायची होती. मला. मॅडम गेल्या तरी ती मोडू नये म्हणून.

मॅडमलाही तेच वाटलं. चार महिन्यांनी त्यांनी मला पुण्याला नेलं, समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला. तिथं पास झाले की गट माझा. शिक्षणाची अट त्यांनी भांडून माझ्यापुरती सैल करून घेतली. हे उपकार मी विसरत नाही, आणि ते मला कुणी विसरूही देत नाही.

पुण्यात मी सगळ्यालाच भ्यायचे. लिफ्टला, जेवणाच्या काट्याला, माझ्या तोंडातून निसटणाऱ्या न्हाईला. पिशवी कायम भरलेली ठेवायचे, कुणी जा म्हटलं तर लगेच निघता यावं म्हणून. बाकीचे सगळे शिकलेले. कुणी दवाखान्यात काम करणारं, कुणी कॉलेजात. शिकवण्याची रीत अशी की शिकणाऱ्यांनीच गट करून बसायचं आणि स्वतःचं बोलायचं. दुसऱ्याच्या मरणाचं ऐकणाऱ्यानं आधी आपल्या मरणाकडं बघितलेलं असावं, असं सर म्हणायचे. सर म्हणजे संस्थेचे मोठे शिक्षक, शेरे तेच लिहायचे. त्यांचं म्हणणं मला पटायचं. आजही पटतं.

एका दिवशी सरांनी शिकवताना एक उदाहरण वाचून दाखवलं. एका ग्रामीण स्त्रीनं पतिनिधनानंतर प्रथम बैलाला पाणी दिलं, हा तिच्या स्वातंत्र्याचा क्षण होता, वगैरे. सगळ्यांनी लिहून घेतलं. म्हातारी तिथं एक ग्रामीण स्त्री झाली. तिला कुणी विचारलं होतं का? माझी कानशिलं तापली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं.

मग ती बैठक झाली. आमच्यात एक तरुण मुलगी होती, नुकती शिकून आलेली, फार नेमकं बोलायची. त्या दिवशी तिची बोलायची पाळी नव्हती. दुसऱ्या कुणाचं बोलणं चाललेलं असताना ती मधेच म्हणाली की तिचे वडील गेले, आठ दिवस झाले, हजेरी भरली पाहिजे म्हणून ती आली आहे. आवाज अगदी सपाट. गोलातल्यांनी पुस्तकातल्यासारखंच केलं. एकानं विचारलं, आत्ता इथं काय जाणवतंय? दुसरीनं सांगितलं, मी तुझ्यासोबत आहे. जागचं कुणी हललं नाही.

मी उठले. ठरवून उठले असं म्हणता येणार नाही, आमच्याकडं असं ठरवत नाहीत. तिच्या शेजारी जाऊन तिला गळ्याशी धरलं आणि मोठ्यानं रडले, आमच्या रीतीनं. माय, तुझं छप्पर गेलं गं, आता तुला आलीस का म्हणून कोन पुसंल. ती आधी लाकडासारखी होती. मग तिचा सगळा भार माझ्या अंगावर आला आणि ती जी रडली, ती पाऊण तास.

वेळ संपली. तिथं नियम असा की बैठक संपताना प्रत्येकानं निरोपाचं एक वाक्य बोलायचं. शेवट म्हणजे छोटं मरण, तो टाळू नये, असं त्याचं शास्त्र. वाक्यं सुरू झाली. माझी पाळी यायच्या आत मी पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि मागं न बघता बाहेर पडले. हॉस्टेलच्या बाहेर नळ होता, तिथं पायांवर पाणी घेतलं आणि मग आत गेले.

आमच्याकडं दुःखाच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत. येते म्हणायचं म्हणजे असल्या कामाला परत यायचं बोलायचं. बसल्या जागेवरून गपचूप उठायचं आणि निघायचं. घरचेही बसा म्हणत नाहीत, या म्हणत नाहीत. शेंबड्या पोरालाही ही रीत माहीत असते. मी त्या मुलीच्या बापाचा मान ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काल तुम्ही शेवट टाळलात. का टाळलात?"

मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्या दोन वाक्यांसाठी मला अख्खं गाव तिथं आणून उभं करावं लागलं असतं, आणि ती सगळी ज्या तऱ्हेनं मान तिरकी करून ऐकायची, त्या तऱ्हेनं माझं गाव त्यांनी ऐकावं हे मला नको होतं. आणि भीती होती, ती होतीच. मी म्हणाले, "चुकलं." तलाठ्यापुढं म्हणतो तसं. मुकादमापुढं म्हणतो तसं. मुलगी काहीतरी बोलायला गेली, सरांनी हातानं तिला थांबवलं, म्हणाले, त्यांचं त्यांना बोलू दे.

त्या एका शब्दाचा राग सरांवरच्या रागापेक्षा मोठा आहे. आईसाठी पाहिजे असलेली जागा मी एका शब्दात देऊन टाकली.

शेरा आला. मॅडमची सही त्याच्याखाली होती. त्यांनी मला समजावून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुधाच्या खोलीतला गट ती तरुण मुलगी चालवेल, मी तिच्या मदतीला असेन, आणि वर्षभरानं परत बघू. मी मान हलवली. थँक्यू मॅडम म्हणाले. खरंच म्हणाले.

गावी परतले तर म्हातारी गेलेली. काही दुखणं नाही, दुपारी निजली ती उठली नाही. तिसऱ्याच दिवशी मॅडम त्या मुलीला घेऊन आल्या, गट तिच्या हवाली करायला. बायका जमल्या. म्हातारीचा कॅन मी मांडला नव्हता, तर एकीनं तो आणून मांडला आणि त्यावर कुणी बसलं नाही. मुलगी तिनं ठरवून आणलेलं काही बोललीच नाही, हे तिचं चांगलं. बायका रडल्या, म्हातारीच्या गमती काढून हसल्या, परत रडल्या. बैलाची गोष्ट दोघींनी दोन तऱ्हेनं सांगितली.

तास संपत आला तशा मॅडम म्हणाल्या की आता सगळ्यांनी निरोपाचं एकेक वाक्य बोलू. सवयीनं म्हणाल्या असतील.

कुणी बोललं नाही. एक बाई उठली, पदर सारखा केला, बाहेर गेली. मग दुसरी. मग तिसरी. कुणी मागं बघितलं नाही. दारात पिंप होतं, पाणी मोजकंच, तिथं एकेक पेला पायावर घेऊन ज्या-त्या वाटेला लागल्या. मॅडम ह्या कॅनवरून त्या कॅनवर बघत राहिल्या. शेवटी ती मुलगी उठली. तीही काही न बोलता गेली, आणि पिंपाजवळ थांबून तिनं चपला काढल्या.

खोलीत मी आणि मॅडम राहिलो. मी पहिल्यांदा त्यांच्याशी माझ्या आवाजात बोलले.

"ह्या समद्यांच्या कागदावर पन लिवा मॅडम. निरोप घेता येत न्हाई."

त्यांनी हळू विचारलं, "तुम्ही तिथं का नाही सांगितलं?"

"काय केलं म्हनून तुमी इचारलंच न्हाई. कावून टाळलं ते इचारलं."

मॅडम रडल्या. मी त्यांना धरलं नाही. चांगुलपणा तेवढा माझ्याकडं त्या दिवशी उरला नव्हता.

मला वाटलं, आता ओळ खोडली जाईल. मॅडम पुण्याला जाऊन भांडल्याही, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, कौतुक केलं, आणि ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली: सांस्कृतिक संदर्भात पाहावे. वरची तशीच ठेवली. आणि मला पत्र आलं. आमच्याकडं नोकरीला या. नव्या समुपदेशकांना तुमच्या भागातल्या शोकाच्या रीती शिकवा. राहायची सोय, लेकीच्या शाळेची सोय.

मी मागितली होती आठ बायका आणि एक आंबट वासाची खोली. मला हॉल दिला. बोलायला माईक दिला. नाही म्हणायला पाहिजे होतं का? लेक सातवीत होती. सातवीत. मी आले.

दर वर्षी नवे समुपदेशक येतात आणि मी त्यांना सांगते की दुःखाच्या घरून निघताना येते म्हणू नये. ते लिहून घेतात. चांगली मुलं आहेत, जीव लावून ऐकतात. एकानं विचारलं, मॅम, हे किती दिवसांत शिकता येईल? मी त्याला सांगितलं, कुणी गेल्यावर. तो हसला आणि मग थांबला.

पाऊस आला. जनावरं आली, दूध आलं. सकाळचं दूध टेंपोत गेलं की कॅनही जातात, म्हणून बैठकीला आता सतरंजी असते. ती मुलगी आता महिन्यातून एकदाच, पुण्याहून केजला आणि तिथून जीपनं जाते. पहिल्या वर्षी तिचा फोन यायचा, ताई, बायका बोलत नाहीत हो, चहा पितात आणि जातात. मी तिला म्हणाले, तू आधी तुझ्या बापाचं सांग. ती म्हणाली, गट चालवणाऱ्यानं स्वतःचं सांगायचं नसतं, तसा नियम आहे. मला एवढी चीड आली की मी फोन लेकीच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात तिचा परत फोन आला. तिनं सांगितलं होतं. वडील शेवटी काय खायला मागत होते आणि तिनं ते डॉक्टर नको म्हणाले म्हणून कसं दिलं नाही, हे सगळं. मग एक बाई बोलली. मग माझी आई बोलली. माझी आई त्या खोलीत जायला लागली होती, हेसुद्धा मला त्या फोनवर कळलं. धाकटीचं नाव घेऊन ती रडली, बोलत-बोलत, इतक्या वर्षांनी, त्या मुलीच्या गळ्यात पडून.

मुलगी फोनवर थांबली. मी काय बोलते ह्याची वाट बघत असणार. तू चांगलं केलंस, असं मी तिला म्हणाले, आणि ते खरं आहे. पण त्या सतरंजीवर मी असायला पाहिजे होते. आई माझ्या गळ्यात पडायला पाहिजे होती. ती इथून दहा तासांच्या रस्त्यावर एका परक्या पोरीच्या गळ्यात पडली, कारण एका माणसानं एका ओळीखाली रेघ मारली होती, आणि मी चुकलं म्हणाले होते.